नवी प्लेट बसवली, तरी क्लच सुटेना

पेरणीच्या ऐन दिवसांत ट्रॅक्टरची क्लच प्लेट बदलली जाते आणि पेडल तळापर्यंत दाबूनही गिअर करकरतोच. मग दोष नव्या प्लेटीच्या माथी येतो. वास्तविक इंजिन बंद असता गिअर सहज पडत असेल, तर गिअरपेटी बहुधा निर्दोष असते. क्लच पुरता सुटत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

प्रथम पेडलची मोकळी चाल पाहावी. प्लेट झिजत जाते तशी ही चाल कमी होते व मिस्त्री ती वेळोवेळी वाढवून देतो. नवी प्लेट जाड असते. ती बसताच प्रेशर प्लेटचे फिंगर फ्लायव्हीलकडे सरकतात आणि रिलीज बेअरिंग त्यांच्यापासून दूर राहते. जुनीच जुळणी कायम ठेवल्यास पेडलचा बराचसा दाब वायाच जातो. ही चाल पुस्तिकेतील मापाप्रमाणे जुळवली की पुष्कळदा काम भागते आणि पुन्हा खोलण्याचा खर्च वाचतो.

तेवढ्याने न भागल्यास मात्र ट्रॅक्टर मधोमध सोडवावा लागतो. प्लेट उलटी बसली आहे काय, शाफ्टच्या खाचांवरील गंजामुळे ती अडकते काय, फ्लायव्हीलमधील लहान बेअरिंग जाम आहे काय, हे तपासावे. जोडणी करताना पेटीचा भार प्लेटीवर लोंबकळला, तर कोरी प्लेटही वाकते. घाईत ही चूक वारंवार घडते.

तोवर गिअर जबरीने घालू नये, दाते तुटतात. शिवाय पेडल दाबलेले असूनही असा ट्रॅक्टर सरकू शकतो. अवजार जोडणारा मनुष्य मागे उभा असेल, तेव्हा इंजिन बंदच ठेवावे.