ग्रंथालयाचे कपाट आणि क्लाऊड

(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून बिचकण्याचे कारण नाही. क्लाऊड म्हणजे ढग खरे, पण संगणकाशी त्याचा संबंध नावापुरताच आहे. संगणकांच्या जोडणीच्या आकृतीत, पलीकडे नेमके कोणते यंत्र आहे हे दाखविण्याची गरज नसली, की अभियंते तेथे ढगाचे चित्र काढीत. त्यावरून हे नाव रूढ झाले. आपली माहिती हवेत तरंगत नसते. ती कोठेतरी जमिनीवरच्याच इमारतीत, दुसऱ्याच्या मालकीच्या संगणकांवर ठेवलेली असते. एवढे ध्यानात राहिले तरी निम्मा विषय समजला असे मी म्हणेन.

आपल्याकडे लग्नकार्य निघाले की हजार माणसांच्या जेवणासाठी कोणी देगा विकत घेत नाही. जमातीकडून हव्या तितक्या आणतो, भाडे देतो आणि कार्य उरकले की परत करतो. कल्हईची आणि जागेची चिंता जमातीची. क्लाऊडची व्यवस्था अशीच आहे. ॲमेझॉन कंपनीने २००६ साली साठवणूक आणि संगणकशक्ती अशी भाड्याने द्यायला सुरुवात केली. पुढे इतर कंपन्या आल्या. ही सेवा तीन प्रकारांनी मिळते. नुसती भांडी घ्या, चुलीसकट स्वयंपाकघर घ्या, किंवा शिजलेले जेवण घ्या. ग्रंथालये बहुधा तिसरा प्रकार पत्करतात, कारण ग्रंथपालाने संगणकाचा मिस्त्री व्हावे अशी अपेक्षा करणे बरे नव्हे.

ग्रंथालयांना ही कल्पना तशी नवी नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यातील महाविद्यालयांनी १९६७ मध्ये एकत्र येऊन संस्था काढली आणि १९७१ पासून सामाईक संगणकीय तालिका चालू केली. एका ग्रंथालयाने पुस्तकाची नोंद केली की बाकीच्यांनी तीच वापरायची. तीच तालिका आज वर्ल्डकॅट या नावाने जगभर चालते. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील सार्वजनिक ग्रंथालयाची जुनी संगणकप्रणाली २००० साल ओलांडू शकणार नव्हती. त्यांनी नवी करवून घेतली आणि ती जगाला मोफत देऊन टाकली. तिचे नाव ‘कोहा’. माओरी भाषेत त्याचा अर्थ भेट. आज भारतातही अनेक ग्रंथालये ती वापरतात. मात्र प्रणाली मोफत असली तरी ती ज्या संगणकावर चालते त्याचे भाडे द्यावे लागते, हे हिशेबनीसांनी विसरू नये! आपल्या देशात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने सरकारी ग्रंथालयांसाठी ‘ई-ग्रंथालय’ तयार केले असून त्याची चौथी आवृत्ती क्लाऊडवर चालते.

याचा आपल्या मुलांना उपयोग काय? मुलगी संध्याकाळी ग्रंथालयात येऊ शकत नाही, पण घरच्या मोबाईलवर पाहू शकते की हवे ते पुस्तक संस्थेच्या कोणत्या शाळेत आहे, ते शिल्लक आहे की कोणी नेले आहे. तेच महागडे पुस्तक तिन्ही शाळांनी घ्यायचे की एकीने घेऊन फिरवायचे, हेही ठरवता येते. शिवाय उर्दू पुस्तकाची नोंद उर्दू लिपीत आणि देवनागरीत अशी दोन्हींत ठेवता येते. मराठी माध्यमात शिकणाऱ्या नातवाला आजोबांच्या आवडीचे पुस्तक सापडावे, यासाठी मला ही सोय सर्वांत मोलाची वाटते.

आता धोक्यांविषयी. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोरांनी संगणकीय हल्ला केला. लायब्ररीने खंडणी दिली नाही. परंतु मुख्य तालिका वाचकांना पुन्हा पाहता आली ती जानेवारी २०२४ मध्ये, तीही केवळ पाहण्यापुरती. मार्च २०२४ मध्ये लायब्ररीने स्वतःच अहवाल प्रसिद्ध केला. त्यातून दिसते की तिची स्वतःची जुनी यंत्रणा कोलमडली, पण क्लाऊडवरचे हिशेब आणि पगार सुरळीत चालू राहिले. म्हणून क्लाऊड अभेद्य समजायचे का? नाही. तेथे गेल्याने धोके संपत नाहीत, त्यांचे रूप बदलते, असे तोच अहवाल बजावतो.

दुसरा धोका मालकाच्या मर्जीचा. गूगलने शिक्षणसंस्थांना अमर्याद साठवणूक फुकट दिली होती. ती बंद होणार असल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ पासून मर्यादा आली. जमातीने उद्या भाडे वाढविले तर आपण बैठकीत जाऊन भांडू शकतो. येथे भांडायला कोणाकडे जाणार? तेव्हा करार करण्यापूर्वीच विचारावे: सोडून जायचे झाल्यास आमच्या सर्व नोंदी आम्हाला दुसऱ्या प्रणालीत चालतील अशा स्वरूपात परत मिळतील काय? उत्तर लेखी घ्यावे. आणि एक प्रत दरमहा आपल्या कपाटात, इंटरनेटला न जोडलेल्या डिस्कवर ठेवावी.

पालकांनी आणखी एका गोष्टीकडे पाहावे. कोणत्या मुलाने काय वाचले ही नोंद त्याच्या मनाची नोंद असते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. पुस्तक परत आले की नाव पुसले जावे, असा नियम आपण स्वतःहूनच करावा असे माझे मत आहे.

खरे काम मात्र संगणकाच्या आधीचे आहे. दाखलखात्यात नोंद असलेले पुस्तक कपाटात आहे की नाही, हे कोणतीही कंपनी येऊन तपासणार नाही. सुट्टीत एकेक कपाट रिकामे करून मोजणी करावी लागेल, फाटलेली बाजूला काढावी लागतील, मग नोंदी टाईप कराव्या लागतील. ज्या विद्यार्थ्यांना उर्दू आणि मराठी दोन्ही टाईप करता येते त्यांची प्रथम गरज आहे. त्यांनी आपली नावे आज जाण्यापूर्वी ग्रंथपालांकडे द्यावीत.