गच्चीवरचा सिनेमा आणि नऊ माणसं

आज जरा माझीच फजिती सांगतो.

आमच्या सोसायटीत गणपतीच्या दिवसांत एक रात्र सिनेमाची असते. गच्चीवर पांढरा पडदा, भाड्याचा प्रोजेक्टर, आणि सिनेमा माझ्या ओटीटी अकाउंटवरून. दोन वर्षांपूर्वी मी एक नवा मराठी सिनेमा लावला. दीडशे माणसं! तिकीट नाही, वर भेळ फुकट. मी एकदम हिरो.

संपल्यावर खालच्या मजल्यावरची ताई जवळ आली. त्या सिनेमात ती एडिटिंगला असिस्टंट होती, हे मला माहीतच नव्हतं. म्हणाली, "छान झाला रे कार्यक्रम. थिएटरला लागला होता तेव्हा मी एका शोला गेले होते. नऊ माणसं होती."

चिडली नव्हती हां. पण मला पुढची भेळ जाईना. म्हटलं, "ताई, मी महिन्याला पैसे भरतो की!"

"ते तुझ्या घरापुरते."

मग मी कॉपीराइट कायदा उघडला, १९५७ चा. माझा समज होता की तिकीट नाही म्हणजे गुन्हा नाही. चूक! सिनेमा लोकांना दाखवायचा हक्क मालकाचा असतो, आणि तिकीट लावलं नाही म्हणून तो हक्क आपला होत नाही. घरच्यांसोबत पाहणं वेगळं, गच्चीवर दीडशे जण जमवणं वेगळं. ओटीटीच्या अटींतही 'वैयक्तिक वापर' असं लिहिलेलं असतं. ते आपण न वाचताच ओके करतो.

कलम ५२ मध्ये सवलती आहेत. शाळा-कॉलेजात, तिथल्या कामाचा भाग म्हणून, विद्यार्थी, शिक्षक, पालक अशा संस्थेशी संबंधित लोकांनाच सिनेमा दाखवता येतो. धार्मिक विधी आणि लग्नसमारंभाचीही सवलत आहे, म्हणून वरातीत गाणी वाजतात. मी खूश झालो, म्हटलं गणपती धार्मिकच आहे! पण त्या सवलतीत गाणी, नाटक, ध्वनिमुद्रण आहे. सिनेमाचं नावच नाही.

आणि शिक्षा? जाणूनबुजून केलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी केलं नसेल तर कोर्ट कारण नोंदवून कमी करू शकतं. गच्चीवर पोलीस येतील असं मला वाटत नाही, खरं सांगतो. मला टोचत होती ती नऊ माणसं.

जुने सिनेमे मात्र मोकळे होतात. प्रदर्शनाचं वर्ष संपल्यापासून साठ वर्षं मोजायची. म्हणजे १९६० चा सिनेमा २०२० संपताना मोकळा झाला. पण थांबा, पटकथा आणि गाण्यांचा हक्क वेगळा, तो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' निर्धास्त दाखवा, पण आमच्या पोरांना तो नको होता.

गेल्या वर्षी ताईकडूनच एका निर्मात्याचा नंबर घेतला. चक्क उत्तर आलं! तारीख, जागा, अंदाजे माणसं कळवली; त्यांनी एक रक्कम सांगितली. घरटी तीस रुपये काढले, परवानगी ईमेलवर लेखी घेतली. सेक्रेटरी काका कुरकुरले, "एवढं कोण बघतंय?" तरी पैसे दिले.

पोरांना हवा होता तो दुसराच, मोठा हिंदी सिनेमा. तिथे तीन मेल केले, उत्तर नाही. म्हणून तो लावला नाही. आमच्या ग्रुपवर त्यावरून अजून मला शिव्या पडतायत.