अंजिराची काडी पौष-माघात लावा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



अंजिराची काडी कधी लावावी, असे तुम्ही विचारता. आम्ही शेतकीची पदवी घेतलेली माणसे. तरी एकदा चैत्रात काड्या लावून बसलो. थोड्याच दिवसांत हिरवी पाने फुटली, आम्ही हरखलो. पुढे सगळ्या वाळल्या. उपटून पाहिल्या, तर एकीलाही मूळ नव्हते.

पान फुटले म्हणजे काडी जगली, असे नव्हे. ते पान काडीतल्या साठ्यावर फुटते. उन्हात पानातून पाणी उडते आणि खालून ओढायला मूळ नसते. पावसाळ्यात उलटे. काळ्या रानात पाणी साचते नि काडी कुजते.

म्हणून पौष-माघ, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी साधा. तेव्हा झाड विसावलेले, डोळे मिटलेले आणि लाकडात साठा भरलेला असतो. गोड फळाच्या झाडाची, गेल्या वर्षीची, करंगळीएवढी जाड, वीतभर काडी घ्या. 4-5 डोळे हवेत. खालचा काप डोळ्याखाली घ्या, चीक सुकू द्या. माती, वाळू, कुजलेले शेणखत भरलेल्या पिशवीत काडीचे दोन भाग आत, एक बाहेर ठेवा. ओल हवी, चिखल नको. उन्हाळाभर पिशव्या सावलीत सांभाळा. पाऊस लागल्यावर रोप निचऱ्याच्या जागी लावा.

कपाशी-ज्वारी मोडा, असे आम्ही म्हणत नाही. न्हाणीच्या सांडपाण्यावर दोन झाडे जगवा. पण रोपांसाठी उधारी कशाला? शेजाऱ्याची काडी आणि आपला चाकू पुरे!