मोबाइलच्या दुसऱ्या टोकाला कोण?

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



सोसायटीला २५ वर्षे पूर्ण झाली, सर्वांचे अभिनंदन! चेअरमनसाहेब म्हणाले, "सर, मुलांच्या मोबाइलवर दोन शब्द बोला." मी मात्र मुलांबरोबर आपल्या मोठ्यांविषयीही बोलणार आहे.

पूर्वी कॉपी म्हणजे चिठ्ठी. कुणाचा भाऊ, कुणाचा मामा खिडकीतून ती आत टाकायचा. अशा गैरप्रकारांविरुद्ध राज्यात १९८२ साली कायदा झाला. आता भिंत चढावी लागत नाही. ३ मार्च २०२३ रोजी बारावीच्या गणिताच्या पेपरची पानं परीक्षा सुरू होण्याआधीच बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाकडे मोबाइलवर फिरली. अटक झालेल्यांत शिक्षकही होते! त्याच परीक्षेपासून बोर्डाने पेपर दहा मिनिटं आधी देणं बंद केलं आणि ती दहा मिनिटं शेवटी वाढवून दिली.

जरा विचार करा. परीक्षेआधी पेपर मुलांच्या हातात नसतोच, तो मोठ्यांच्याच ताब्यात असतो. मग पहिला फोटो कुणी काढला? उत्तरं कुणी लिहिली? पोरगं सापडलं की आपण पोराला बोल लावतो, दुसऱ्या टोकाचा माणूस विसरतो. आणि वर्षभर पहाटे उठून अभ्यास केलेल्या मुलीचं काय? तिचे मार्क तेवढेच राहतात, पण किंमत कमी होते.

घरातही हेच. गणिताचा फोटो टाकला की चॅटजीपीटी पायऱ्यांसकट उत्तर देतं. मुलगा सुवाच्य अक्षरात उतरवतो, आपण वही बघून खूश! प्रोजेक्ट तर पुष्कळदा आई-बाबाच मोबाइलवरून उतरवून देतात. मग मुलाने काय शिकावं?

मोबाइल हिसकावून घ्या, असं मी म्हणणार नाही. समजत नसेल तर त्याला खुशाल विचारू द्या. फक्त रोज एक गणित घ्या, आकडे बदला आणि म्हणा, "बाळा, आता मला समजावून सांग." तुम्हाला गणित येत नसलं तरी चालेल. त्याला कळलंय की नुसतं उतरवलंय, हे दोन मिनिटांत समजतं.

आपल्या उस्मानपुऱ्यात शिकलेली माणसं घरोघरी आहेत. सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी तासभर मुलांना घेऊन बसलो, तर जुनी गणितं नव्याने सुटतील आणि शेजारधर्मही वाढेल. पहिला आठवडा माझ्याकडे लागला!