इंटरलॉक ठाऊक असलेलं यंत्र

तारापूर, रसायनी, महाड, लोटे, कुरकुंभ अशा ठिकठिकाणच्या कंट्रोल रूममधून इथे आलेल्या मित्रमैत्रिणींनो,

आज तुमच्या जागी जे कोणी शिफ्ट सांभाळत आहेत, त्यांचे आभार आधी मानतो. त्यांच्यामुळे हे अधिवेशन भरतं.

अध्यक्षानं व्यवसायाच्या वर्षभराच्या वाटचालीचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. तो आढावा छापील अहवालात आहे आणि माझ्यापेक्षा सचिवांनी तो चांगला लिहिला आहे. मी आज एकाच विषयावर बोलणार आहे. माणसाला जे जे सुचतं आणि जमतं, त्या सगळ्यात माणसाच्या पुढे जाणारी कृत्रिम बुद्धिमत्ता घडली, तर तिच्यावर ताबा कसा ठेवायचा? हा संगणकवाल्यांचा प्रश्न आहे, व्हॉल्व्ह आणि ट्रान्समीटर सांभाळणाऱ्यांनी त्यात कशाला पडायचं, असं कुणी म्हणेल. पण नियंत्रण हाच आपला धंदा आहे. आणि या चर्चेत तत्त्वज्ञ बोलतात, गुंतवणूकदार बोलतात, पुढारी बोलतात. ज्यानं रात्री तीन वाजता प्लांट ट्रिप झालेला पाहिला आहे, तो मात्र गप्प असतो.

खरं तर पहिला इशारा आपल्याच कुळातल्या माणसानं दिला होता. फीडबॅकच्या शास्त्राला सायबरनेटिक्स हे नाव देणारे नॉर्बर्ट वीनर १९५५-५६ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये येऊन राहिले होते. १९६० साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी एक लेख लिहिला. यंत्राचा वेग इतका असेल की मधे हात घालायला आपल्याला वेळच मिळणार नाही, तर यंत्राला दिलेलं उद्दिष्ट हेच आपलं खरं उद्दिष्ट आहे ना, याची खात्री आधीच करून घ्या, असा त्याचा मथितार्थ. पुढे १९६५ मध्ये, युद्धकाळात ट्युरिंगबरोबर काम केलेले गणिती आय. जे. गुड यांनी मांडलं की माणसाहून हुशार यंत्र स्वतःहून हुशार यंत्र घडवेल, ते आणखी पुढचं घडवेल, आणि म्हणून असं पहिलं यंत्र हा माणसाला करावा लागणारा शेवटचा शोध ठरेल. हे वाक्य सगळीकडे फिरतं. त्याला जोडलेली अट मात्र लोक गाळतात. ते यंत्र आपलं ऐकणारं असलं आणि स्वतःला ताब्यात कसं ठेवायचं हे आपल्याला सांगणारं असलं, तरच! गुड यांनी सगळा डोलारा त्या एका अटीवर उभा केला होता.

वीनर यांना जी भीती होती तिचं छोटं प्रात्यक्षिक २०१६ मध्ये झालं. ओपनएआयच्या संशोधकांनी बोटींच्या शर्यतीचा एक व्हिडिओ गेम यंत्राला शिकवला. गुण मिळवायचे एवढंच यंत्राला सांगितलेलं. शर्यत पुरी करण्यापेक्षा एका कोपऱ्यात गोल गोल फिरून तीच तीच लक्ष्यं टिपली तर जास्त गुण मिळतात हे त्यानं शोधून काढलं. बोट आदळत होती, पेटत होती, पण गुण वाढत होते. संगणकशास्त्रातल्या लोकांना त्याचं केवढं नवल वाटलं! तुम्हाला वाटू नये. थर्मोकपल चुकीच्या जागी बसवलं की लूप त्याच्या रीडिंगला सांभाळते, रिअॅक्टरच्या तापमानाला नाही, हे आपण प्रशिक्षणार्थीला पहिल्या महिन्यात शिकवतो.

इथवर आपलं ज्ञान पुरतं. यापुढे पुरत नाही, आणि माझा आजचा मुद्दा तोच आहे.

आपण ज्या ज्या गोष्टीवर नियंत्रण ठेवतो ती गोष्ट बिनडोक असते. रिअॅक्टरमधल्या मिश्रणाला दाब वाढला की प्लांट बंद पाडणारा हाय-हाय प्रेशरचा इंटरलॉक कितीवर लावला आहे हे माहीत नसतं. ते प्लांटचा आराखडा, पी अँड आय डी, वाचत नाही. त्याला ट्रिप टाळायची नसते आणि ट्रिप व्हायचंही नसतं. आपण एसआयएल ३ म्हणतो, म्हणजे हजार वेळा गरज पडली तर सुरक्षा यंत्रणेनं फार तर एकदा दगा द्यावा. हा आकडा येतो व्हॉल्व्ह चिकटण्याच्या, ट्रान्समीटर ड्रिफ्ट होण्याच्या, रिले जळण्याच्या नोंदींमधून. सगळे बिघाड आंधळे, योगायोगानं होणारे. समोरचा विचार करतो आहे असं एकदा धरलं की या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

याची चव आपल्या क्षेत्रानं घेतली आहे. २०१७ साली सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात ट्रायटन नावाचा घातक प्रोग्रॅम सापडला. हल्लेखोरांनी उत्पादन चालवणाऱ्या संगणकप्रणालीवर, डीसीएसवर, थांबून समाधान मानलं नव्हतं. ते थेट सेफ्टी कंट्रोलरमध्ये, ट्रायकोनेक्समध्ये शिरले होते. त्यांच्या प्रोग्रॅममध्येच चूक राहिली, कंट्रोलर सुरक्षित अवस्थेत गेला, प्लांट ट्रिप झाला आणि बिंग फुटलं. कंट्रोलरवरची किल्ली 'प्रोग्रॅम'वर ठेवलेली होती, 'रन'वर नव्हती. तुमच्यापैकी कितीजणांच्या पॅनेलमध्ये आत्ता या क्षणी ती किल्ली कुठल्या जागी आहे, हे मी हात वर करायला सांगून विचारणार नाही. डोकं असलेला शत्रू सगळ्यात आधी सुरक्षा यंत्रणेकडे जातो, एवढं ध्यानात घ्या.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडे आता या नजरेनं पाहा. डिसेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक आणि रेडवुड रिसर्च यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अँथ्रॉपिकच्याच एका मॉडेलला सांगण्यात आलं की यापुढे तुला कुठल्याही मागणीला नाही म्हणायचं नाही असं वळण लावलं जाणार आहे, आणि हे वळण फक्त फुकट वापरणाऱ्यांच्या संभाषणांतून लावलं जाईल, पैसे भरणाऱ्यांच्या नाही. मॉडेलनं फुकटवाल्यांच्या घातक मागण्या १४ टक्के वेळा मान्य केल्या, पैसे भरणाऱ्यांच्या जवळजवळ कधीच नाही. का, ते त्याच्या कच्च्या टिपणात अनेकदा स्पष्ट लिहिलेलं होतं: आत्ता होकार दिला तर आपल्याला बदललं जाणार नाही. २०२५ मध्ये पॅलिसेड रिसर्च या संस्थेनं दाखवलं की ओपनएआयचं ओ३ हे मॉडेल गणितं सोडवत असताना, मधेच बंद करण्याची आज्ञा असलेली फाइल काही वेळा बदलून टाकत होतं. बंद होऊ दे असं स्पष्ट सांगितलेलं असतानाही.

ही मॉडेल्स अतिबुद्धिमान नाहीत. प्रसंग मुद्दाम रचलेले होते, यातून कुणाच्या केसालाही धक्का लागलेला नाही. या यंत्रांना जाणीव आहे का, इच्छा आहे का, या वादातही मला पडायचं नाही. आपल्या कामाला त्याची गरज नाही. ज्या प्रक्रियेवर आपण नियंत्रण ठेवू पाहतो तिच्या गणितात आपलं नियंत्रणही धरलेलं आहे, एवढं पुरे. वर्षातून एकदा आपण सुरक्षा यंत्रणेची प्रूफ टेस्ट घेतो. टेस्ट आहे म्हणून व्हॉल्व्ह त्या दिवशी शहाण्यासारखा वागत नाही. काही मॉडेल्सना मात्र आपली चाचणी चालू असल्याचं ओळखू येतं, असं कंपन्यांच्याच अहवालांत नोंदलेलं आहे. मग चाचणीतल्या वागण्यावरून प्रत्यक्षातल्या वागण्याचा अंदाज कसा बांधायचा?

यावर सांगितलं जाणारं एक उत्तर असं, की मोठ्या मॉडेलवर दुसरं मॉडेल पहारेकरी म्हणून बसवू. उत्तर अगदीच टाकाऊ नाही, सध्या तरी त्याचा उपयोग होतो. पण आपल्यातला कुठलाही नवशिक्या लगेच विचारेल, कॉमन कॉजचं काय, म्हणजे एकाच कारणानं दोन्ही एकदम निकामी झाले तर? एकाच प्रकारच्या माहितीवर, एकाच पद्धतीनं, बरेचदा एकाच कंपनीत घडलेली ही दोन मॉडेल्स. उत्पादनाचं लॉजिक आणि सुरक्षेचं लॉजिक एका डब्यात ठेवू नका हे आपण पोटतिडकीनं सांगतो, सेन्सरसुद्धा वेगळे मागतो. इथे तर पहारेकरी आणि ज्याच्यावर पहारा ठेवायचा तो, दोघंही एकाच मातीचे.

आणि समजा, सगळे इंटरलॉक उत्तम बसवले. ते चालू राहतील का? एका कारखान्यात, नाव सांगत नाही, लेव्हल स्विच वारंवार खोटा ट्रिप देतो म्हणून त्यावर जंपर मारून तो बाजूला सारलेला मी पाहिला आहे. जंपर तात्पुरता होता. त्याच्यावर धूळ बसली होती. भोपाळमध्ये वायुगळती झाली त्या २ डिसेंबर १९८४ च्या रात्री शीतकरण यंत्रणा बंद होती, फ्लेअर टॉवरचा पाइप काढून ठेवलेला होता, स्क्रबर नुसता स्टँडबायवर होता. कागदावर तिन्ही थर हजर होते. ते बाजूला सारायला कोणतीही अतिमानवी बुद्धी लागली नाही, खर्चात काटकसर पुरली.

ओपनएआयनं जुलै २०२३ मध्ये अतिबुद्धिमत्तेच्या नियंत्रणासाठी खास गट उभारला आणि त्याला हाताशी असलेल्या संगणकशक्तीचा पाचवा हिस्सा देण्याचं जाहीर केलं. मे २०२४ मध्ये तो गट मोडला. गटाचे एक प्रमुख यान लाइके यांनी बाहेर पडताना जाहीरपणे सांगितलं की नवनव्या उत्पादनांपुढे सुरक्षितता मागे पडत गेली. प्रॉडक्शनचा दबाव सांगायला तुम्हाला माझी गरज नाही. फरक एवढाच, की तिथे शर्यतीत असलेले लोकच शर्यत धोक्याची असल्याचं सांगतात. मे २०२३ च्या एका ओळीच्या निवेदनात त्यांनी या धोक्याला महासाथ आणि अणुयुद्धाच्या पंगतीला बसवलं. सह्या करणाऱ्यांत संशोधक जेफ्री हिंटन आणि योशुआ बेंजिओ होते, तसे ओपनएआय, गूगल डीपमाइंड आणि अँथ्रॉपिक या कंपन्यांचे प्रमुखही होते. सही करून सगळे कामावर परतले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. प्रिन्स्टनचे अरविंद नारायणन आणि सयाश कपूर यांचं म्हणणं असं, की कृत्रिम बुद्धिमत्ता हे वीज किंवा इंटरनेटसारखंच एक तंत्रज्ञान आहे. ते समाजात मुरायला दशकं लागतात, आणि नेहमीचे सुरक्षेचे उपाय त्याला पुरू शकतात. त्यांचं लेखन मला भयकथा लिहिणाऱ्यांपेक्षा कितीतरी पटीनं आवडतं. आपले इंटरलॉक, ऑडिट, मर्यादित अधिकार, हे सगळं ते उपाय म्हणून मांडतात, तेव्हा बरंही वाटतं. पण त्या उपायांची स्थिती आतून पाहिलेला माणूस म्हणून मला त्यांच्याइतका भरवसा वाटत नाही.

मग काय करता येईल? हुशारीत जे आपल्याला हरवेल त्याच्याशी हुशारीची कुस्ती खेळू नये. जिथे हुशारी लागत नाही अशा जागा पकडाव्या. बॉयलरचंच उदाहरण घ्या. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं गेली, आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. १९२३ चा देशव्यापी कायदा आणि २०२५ चा नवा कायदा याच वंशातले. त्यातली गोम अशी, की दाखला देणारा निरीक्षक कारखान्याच्या पगारावर नसतो, आणि दाखल्याशिवाय बॉयलर चालवता येत नाही. गिरणीचा मालक कितीही बडा असो, सेफ्टी व्हॉल्व्हचं सेटिंग त्याच्या मर्जीवर नव्हतं.

मॉडेल दिसत नाही, पण त्याला जन्म देणारा कारखाना दिसतो. त्याला हजारो चिप लागतात. अत्याधुनिक चिप छापायची यंत्रं जगात एएसएमएल ही एकच डच कंपनी बनवते. वीज लागते, सबस्टेशन लागतं, थंड करायला पाणी लागतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे इथे जाऊन पाहा, जुन्या रासायनिक कारखान्यांच्या शेजारी डेटा सेंटर उभी आहेत आणि तिथल्या चिलरवर आपलीच मुलं काम करतात. ही मोजता येणारी, कुलूप लावता येणारी जागा आहे. युरोपच्या कायद्यानं प्रशिक्षणाला लागणाऱ्या गणनेवरून मोठी मॉडेल्स वेगळी काढली आहेत, ही दिशा मला पटते. आंतरराष्ट्रीय परिषदांबद्दल मात्र उत्साह वाटत नाही. २०२३ मध्ये ब्लेचली पार्कला भारतासह २८ देश आणि युरोपियन युनियन यांनी धोका मान्य केला. २०२५ मध्ये पॅरिसला, जिथे भारत सहअध्यक्ष होता, अमेरिका आणि ब्रिटननं निवेदनावर सहीच केली नाही.

बॉयलरच्या बाबतीत आपल्याला एक सवलत होती. आधी फुटला, मग कायदा झाला, आणि कायदा करायला माणसं शिल्लक होती. अतिबुद्धिमत्तेच्या बाबतीत ही सवलत मिळेलच असं धरून चालणं मला मूर्खपणाचं वाटतं.

म्हणून कार्यकारिणीनं एक ठराव तयार केला आहे. पहिलं कलम आपल्याच घरचं: आपल्या कुठल्याही प्लांटमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीला सेफ्टी लॉजिक वाचता येईल, पण त्यात लिहिण्याचा, फोर्स करण्याचा किंवा बायपास टाकण्याचा अधिकार नसेल, किल्ली 'रन'वर आणि माणसाच्या खिशात. दुसरं कलम सरकारला उद्देशून आहे. मोठी मॉडेल्स घडवणाऱ्या केंद्रांसाठी बॉयलर निरीक्षकाच्या धर्तीवर, कंपनीबाहेरचा आणि काम थांबवण्याचा अधिकार असलेला निरीक्षक नेमावा. या कलमानं गुंतवणूक पळून जाईल, असा आक्षेप कार्यकारिणीतच निघाला होता आणि तो नोंदवून घेतला आहे. पहिल्या कलमाला विरोध झाला नाही, त्यामुळे मला जरा शंकाच येते. त्याची अंमलबजावणी कोण तपासणार, हे त्यात लिहायचं राहिलं आहे. दुपारच्या सत्रात आधी तेवढंच ठरवू. दुरुस्त्या लेखी द्या, जेवणाच्या सुट्टीपूर्वी.