पालखीवाला आणि मी, एक बँकवाला
(सोसायटीच्या हॉलमध्ये २६ जानेवारीच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



‘मला आवडलेली व्यक्ती’ यावर बोला, असं कमिटीने सांगितलं. मी नानी पालखीवालांचं नाव दिलं. सेक्रेटरी म्हणाले, “काका, ते तर तुमच्या बँकांच्या विरुद्ध लढले होते!” लढले होते खरे.

१९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. रुस्तम कूपर नावाचे भागधारक सुप्रीम कोर्टात गेले. त्यांच्या बाजूने पालखीवाला उभे राहिले. १० फेब्रुवारी १९७० ला अकरापैकी दहा न्यायाधीशांनी तो कायदा रद्द केला. सरकारने चार दिवसांत वटहुकूम काढून बँका परत घेतल्या, ती गोष्ट वेगळी! मी १९७३ मध्ये त्यातल्याच एका बँकेत क्लार्क म्हणून लागलो. युनियनच्या द्वारसभेत पालखीवाला म्हणजे भांडवलदारांचा वकील, असंच आम्ही ऐकायचो आणि मानायचो.

पण एका वर्षी बजेटनंतर एक सहकारी मला ओढून ब्रेबॉर्न स्टेडियमवर घेऊन गेला. १९५८ साली एका हॉटेलच्या छोट्या हॉलमध्ये सुरू झालेलं त्यांचं बजेटवरचं भाषण आता स्टेडियमवर होत होतं. लहानपणी तोतरं बोलणारा हा मुलगा, इंग्रजीत एम.ए. होऊन लेक्चररची नोकरी मिळाली नाही म्हणून कायद्याकडे वळलेला. हातात कागद नाही, आणि आकडे धडाधड. इंग्रजी मला तीन चतुर्थांश कळलं असेल. शेजारचा दुकानदार डायरीत आकडे उतरवून घेत होता. एके काळी आपल्याकडे इन्कम टॅक्सचा सर्वांत वरचा दर ९७.७५ टक्के होता, हे तरुणांना खरं वाटणार नाही. म्हणजे वरच्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये हातात! असा कर माणसाला खोटं बोलायला लावतो, असं ते वर्षानुवर्षं सांगत राहिले. पुढे दर उतरले. १९९७ मध्ये तो ३० टक्क्यांवर आला.

आता मुख्य गोष्ट. केशवानंद भारती खटल्यात, २४ एप्रिल १९७३ ला, सात विरुद्ध सहा अशा मतांनी ठरलं की संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, पण तिचा मूळ गाभा बदलू शकत नाही. एका मताचा फरक! तो युक्तिवाद पालखीवालांचा. जून १९७५ मध्ये इंदिरा गांधींच्या निवडणुकीच्या अपिलात तेच त्यांचे वकील होते. २४ तारखेला सशर्त स्थगिती मिळाली, २५ च्या रात्री आणीबाणी आली, आणि त्यांनी वकीलपत्र परत केलं. पंतप्रधानांचं वकीलपत्र! त्याच नोव्हेंबरमध्ये केशवानंद निकालाचा फेरविचार करायला तेरा न्यायाधीश बसले, तेव्हा हे विरोधात उभे राहिले. दोन दिवसांत ते खंडपीठच बरखास्त झालं. त्या दिवसांत आम्ही काय करत होतो? वेळेवर मस्टरवर सह्या करत होतो आणि गाड्या वेळेवर धावतात म्हणून खूश होतो. मीसुद्धा.

राष्ट्रीयीकरणाबद्दल मात्र मला त्यांचं पटलेलं नाही, आजही नाही. नगर जिल्ह्यातल्या शाखेत असताना मी म्हशीसाठी कर्जं दिली आहेत. आयुष्यात प्रथम बँकेची पायरी चढलेल्या बायका अंगठा उठवून जात आणि हप्ता घेऊन परत येत. खासगी मालक तिथे शाखा उघडायला आला नसता. पण पुढे एका शाखेत (नाव घेत नाही) वरून फोन आला म्हणून एक मोठं कर्ज मंजूर केलं. कागद कच्चे होते, मला दिसत होतं. सही माझीच. ते बुडालं. चौकशीत फोन करणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. त्या रात्री मला ब्रेबॉर्न आठवलं. पैसा कोणाचा आणि हुकूम कोणाचा, हे तिथे ऐकलेलं होतं, तेव्हा मी मनातल्या मनात वाद घालत होतो.

परवाच्या वार्षिक सभेत ताळेबंद चार मिनिटांत ‘मंजूर, मंजूर’ झाला. चहा गार होत होता, हे मान्य. सिंकिंग फंडाबद्दल मी विचारलं तेव्हा मागून कोणीतरी “काका, झालं ना” म्हणालं.

त्यांच्या बजेट-भाषणांच्या दोन जुन्या पुस्तिका माझ्याकडे आहेत. ज्यांना हव्यात त्यांनी घरी यावं. फक्त परत आणून द्या, एक आधीच गेली आहे.