खलाशांच्या गाठी



गाठ कुणाला येत नाही? दाव्याला गाठ, कासऱ्याला गाठ, पोत्याच्या तोंडाला गाठ. सुरगाठ ओढली की सुटते. निरगाठ सहजी सुटत नाही. आपलं काम एवढ्यावर भागतं. शिडाच्या जहाजावरच्या खलाशाचं मात्र भागत नसे.

वादळात गाठ सुटली तर शीड फाटायचं. गाठ अडकून बसली तर शीड वेळेवर उतरायचं नाही आणि जहाज कलंडायची भीती. म्हणून खलाशाला अशी गाठ हवी, की जी ओझ्याखाली निरगाठीसारखी धरील आणि ओझं उतरलं की सुरगाठीसारखी सुटेल. 'बोलाइन' ही तशी गाठ. तिचा फासा सरकत नाही, अंगाला आवळत नाही. म्हणून माणसाला पाण्यातून वर ओढायलाही ती चालते.

अमेरिकेतील न्यू बेडफर्ड हे देवमाशांच्या शिकारीचं मोठं बंदर होतं. एकोणिसाव्या शतकात तिथली जहाजं तीन-तीन, चार-चार वर्षं घरी परतत नसत. शिकार नसली की खलाशांना वेळच वेळ. जवळ काय? दोरी, चाकू आणि दहा बोटं. मग ते घंटेची दोरी गोफासारखी विणत. आपल्या पेटीला विणीच्या कड्या करत. कडी सुबक असली, की गडी कामात हुशार हे पाहणाऱ्याला कळे.

ही नुसती शोभा नव्हे, बरं का! जहाजाच्या सुकाणूचं चाक असतं. त्याच्या एका आऱ्यावर मुंडाशासारखी गोल गाठ विणत. काळोखात ती गाठ वरच्या बाजूला हाताला लागली, की सुकाणू सरळ आहे हे समजे. दुसरी गाठ 'माकडाची मूठ'. हा दोरीच्या टोकाला विणलेला गोळा. त्याच्या वजनाने दोरी लांब धक्क्यापर्यंत फेकता येते. मग तिच्यामागून जाड दोर ओढून घेतात.

पुढे आगबोटी आल्या, शिडं गेली. ही विद्या हातोहात चाललेली. म्हातारा खलाशी गेला, की त्याची गाठही जायची. न्यू बेडफर्डचे चित्रकार क्लिफर्ड अ‍ॅशले १९०४ साली स्वतः देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर गेले होते. जुन्या खलाशांकडून त्यांनी गाठी शिकून घेतल्या. ११ वर्षं खपून पुस्तक लिहिलं. ते १९४४ साली निघालं. त्यात सुमारे ३,९०० गाठी आणि हजारो चित्रं आहेत. १९४७ साली अ‍ॅशले वारले. पण त्यांच्या पुस्तकावरून लोक आजही गाठी शिकतात.

आता आपल्या गावाकडे बघा. शिंकं, बैलाचं मुसकं, बाजेची वीण. हे येणारे हात किती उरलेत? तुम्ही आता लिहायला शिकलात. त्या म्हाताऱ्या हातांजवळ जाऊन बसा. पहिला पेड कुठून घेतला, दुसरा कुठून, ते विचारा. वहीत लिहा, शेजारी चित्र काढा. हातातली विद्या हात थकला की थांबते. कागदावर उतरली, की नातवापर्यंत पोचते.